गल्लीचा पिनकोड

मुंबईत शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते वाक्य कानावर पडलं. वसतिगृहाच्या जेवणाच्या रांगेत मी चुकीच्या टोकाला उभा होतो. मागच्या मुलाने हटकलं, "अलिबागसे आया है क्या?" मी खरोखरच अलिबागहून आलो होतो, म्हणून हो म्हणालो. रांग हसली. आपल्या गावाचं नाव या शहराच्या बोलीत शिवीसारखं वापरलं जातं, हे मला त्या दुपारी कळलं. पुढची तीन वर्षं कुणी गाव विचारलं की मी 'रायगड जिल्हा' एवढंच सांगत राहिलो. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

२०१९च्या जुलै महिन्यात हे वाक्य मुंबई उच्च न्यायालयात पोहोचलं. अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाने जनहित याचिका दाखल केली होती. या वाक्याने अलिबागकर अडाणी ठरतात, तेव्हा त्याच्या वापरावर बंदी घाला, अशी त्याची मागणी होती. न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या अंगाने ते बरोबरच असणार. तरी बातमी वाचताना मला ती रांग आठवली.

त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला झोया अख्तरचा 'गली बॉय' प्रदर्शित झाला होता. धारावीच्या खोलीत राहणारा एक मुलगा रॅप लिहायला लागतो आणि तेच त्याचं आयुष्य होतं, अशी ती कथा. पुढे त्याला १३ फिल्मफेअर पुरस्कार मिळाले आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठीही गेला. मला मात्र चित्रपटापेक्षा त्याच्यामागची आणि त्यांच्यासारखी मुलं जवळची वाटली. कुर्ला, अंधेरी, धारावी, पुण्याचा ताडीवाला रोड. ज्या पत्त्यावरून लोकांनी त्यांना हिणवलं, तोच पत्ता त्यांनी गाण्याच्या पहिल्या ओळीत आणून ठेवला. बंदी घाला असं त्यांनी कुणाला म्हटलं नाही. नाव आमचं आहे, आता ते आम्ही घेऊ, असा त्यांचा पवित्रा होता.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते रेवस आणि थळ यांच्यामधल्या एका गावातल्या मुलामुळे. त्याचं नाव छापायचं नाही, असं त्याने बजावलंय. दिवसा तो उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात कामाला जातो आणि रात्री रॅप लिहितो. त्याच्याकडे वळण्याआधी ज्यांची गाणी ऐकून तो लिहायला लागला त्यांच्याविषयी बोलू.

कुर्ला पश्चिमेचा पिनकोड ४०००७०. तिथल्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, जानेवारी २०१४ मध्ये 'आफत' नावाचं गाणं यूट्यूबवर टाकलं. घरात एक आयपॅड होता. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तालावर त्याने त्याच आयपॅडवर आवाज मुद्रित केला, त्याच्यावरच वस्तीत फिरून चित्रीकरण केलं, जोडणीही त्याच्यावरच केली. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, पैसे नाहीत. गाणं बघताबघता पसरलं. दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर केलेल्या लघुपटाचं नावच 'बॉम्बे ७०' आहे. तिकडे धारावीच्या एमसी अल्ताफने २०१९ मध्ये 'कोड मुंबई १७' काढलं. धारावीचा पिनकोड ४०००१७. टपाल खात्याने पत्रं वाटायला दिलेले आकडे या पोरांनी छातीवर लावले. अलिबागचा पिनकोड ४०२२०१ आहे. तो कुठल्या गाण्यात मी अजून ऐकलेला नाही.

अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरातला व्हिव्हियन फर्नांडिस म्हणजे डिवाइन. शाळेतल्या मित्राच्या अंगात फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचं चित्र असलेला टी-शर्ट होता. हा कोण, असं विचारण्यापासून त्याची सुरुवात झाली. आधी तो इंग्रजीत रॅप करायचा. मग गल्लीतली माणसं जी हिंदी बोलतात त्या हिंदीत लिहायला लागला आणि तिथून चित्र पालटलं. २०१५ मध्ये त्याने आणि नेझीने मिळून 'मेरे गली में' केलं. सेझ या संगीतकाराने ताल दिला होता. त्यानंतर या सगळ्या धाटणीला लोक 'गली रॅप' म्हणायला लागले.

अंगावर येतो तो भाषेचा हा बदल. इंग्रजीत तो दुसऱ्या कुणासारखा ऐकू येत होता. स्वतःच्या बोलीत आला तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या माणसालाही त्याचं म्हणणं कळलं, आणि मग देशालाही. 'कोहिनूर' हा त्याचा अल्बम २०१९ मध्ये आला. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेल्या नास या रॅपरची मास अपील ही कंपनी त्याच वर्षी भारतात उतरली आणि डिवाइन तिच्याबरोबर गेला. 'गली बॉय'च्या निर्मात्यांच्या यादीतही नासचं नाव आहे. क्वीन्सब्रिजचा मुलगा जे. बी. नगरच्या मुलाशी असा जोडला गेला.

ही कला जिथे जन्मली ती जागाही सांगितली पाहिजे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू ही भाड्याच्या घरांची इमारत. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने खालच्या सभागृहात तिकीट लावून नाचाची पार्टी ठेवली आणि तबकड्या वाजवायला भावाला बसवलं. भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, जमैकाच्या किंग्स्टन बंदरातून आलेला. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा तो दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवायचा, कारण लोक त्या तुकड्यालाच खरे नाचत. त्या लांबवलेल्या तालावर माइकवरून बोलणं सुरू झालं, त्यातून रॅप उभा राहिला. त्या ब्राँक्समधून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे नावाचा मोठा रस्ता काढून झाला होता. त्यासाठी हजारो कुटुंबांची घरं पाडली होती, आणि उरलेली वस्ती ओस पडत चालली होती. घर गेलेल्या, पत्ता पुसलेल्या वस्तीत या कलेने पहिला श्वास घेतला. हे मी मुद्दाम सांगतोय. उरण तालुक्यातल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग ही मुलं वर कशी आली? प्रतिभा होतीच, पण प्रतिभा आमच्या किनाऱ्यावर पूर्वीही होती. मधली भिंत पडली, हे खरं कारण. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि काही महिने इंटरनेट फुकट मिळालं. झोपडीतल्या मुलाच्या हातात मुंबईतल्या कुठल्याही स्टुडिओइतकाच मोठा दरवाजा आला. २७ फेब्रुवारी २०१९ला, म्हणजे 'गली बॉय'नंतर दोन आठवड्यांनी, स्पॉटिफाय भारतात आलं. त्याआधी गाणं लोकांपर्यंत जायचं तर कॅसेट कंपनीच्या मालकाला ते आवडावं लागे. आता वर्षाला थोडे पैसे भरले की वितरणाची सेवा देणाऱ्या कंपन्या तुमचं गाणं सगळ्या ॲपवर चढवतात. चार्ट म्हणजे तरी काय? रोज किती जणांनी गाणं ऐकलं याची मोजदाद. त्यात आडनाव मोजलं जात नाही. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले, आणि गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा पोरांच्या फोनमधून फिरू लागला. तुकडा चालला तर गाणं चाललं.

याची वाईट बाजूही आहे. पंधरा सेकंदांसाठी लिहायची सवय लागली की चार मिनिटांचं म्हणणं मांडायचा धीर सुटतो. आणि ऐकण्यातून मिळणारे पैसे इतके थोडे असतात की लाखोंनी ऐकलेल्या गाण्यावरही घर चालत नाही. पोट भरतं ते जाहीर कार्यक्रमांवर आणि जाहिरातींवर. आमच्या यार्डातल्या मुलाला हे पक्कं ठाऊक आहे. त्याने नोकरी सोडलेली नाही.

पुण्याच्या अल्ताफबद्दल, म्हणजे एमसी स्टॅनबद्दल, किनाऱ्यावरच्या पोरांना जितकं बोलावंसं वाटतं तितकं बहुधा कुणाबद्दल वाटत नसेल. १९९९चा जन्म, पुणे स्टेशनाजवळचा ताडीवाला रोड. लहानपणी तो कव्वाली गायचा. २०१८च्या 'वाटा'पासून त्याचं नाव झालं. २०२०मध्ये अल्बम आला 'तडीपार', २०२२मध्ये 'इन्सान'. १२ फेब्रुवारी २०२३ला तो बिग बॉसच्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. ज्या वस्तीचं नाव पुण्यातले सुखवस्तू लोक आवाज खाली करून घ्यायचे, त्या वस्तीचं नाव देशभरच्या दिवाणखान्यात मोठ्याने घेतलं गेलं.

'तडीपार' या शब्दापाशी मला थांबायचंय. आज तो पोलिसांचा शब्द आहे. गुंडाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढायची नोटीस. पण तड म्हणजे काठ, तीर. तडीपार म्हणजे पलीकडच्या तीराला गेलेला. आमच्याकडे होडीने खाडी ओलांडणारा प्रत्येक माणूस या जुन्या अर्थाने तडीपारच असे. शिक्षेचा शब्द उचलून अल्बमच्या माथ्यावर लावायचा, ही हिंमत मला अलिबागच्या त्या वाक्यासाठी कधी झाली नाही.

स्टॅनच्या शब्दांवर, त्यातल्या शिव्यांवर आणि बायकांविषयीच्या बोलण्यावर टीका झाली. ती मला रास्त वाटते. गल्लीतलं सगळंच उचलून गाण्यात ठेवलं की गल्लीतला पुरुषीपणाही येतो. यावर उत्तर मुलींनीच दिलंय. कल्याणची डी एमसी, म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, कितीतरी वर्षं पुरुषांच्या घोळक्यात माइक धरून उभी आहे. २०२२मध्ये 'हसल' या एमटीव्हीच्या स्पर्धेत आपल्या सृष्टी तावडेने साध्या, मिश्कील शब्दांनी लोकांना जिंकलं. गोवंडीची सानिया वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच रॅप करत होती. आमच्या किनाऱ्यावर मात्र मला एकही मुलगी भेटली नाही जी रॅप लिहिते हे उघड सांगेल. लिहीत असणार, अशी माझी खात्री आहे. कारण पुढे सांगतो.

मराठीतल्या रॅपची वाट हिंदीहून अरुंद होती, तरी तिथे फार दमदार माणसं आहेत. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर स्वतःला '100RBH' म्हणवतो. देवनागरीत लिहायचं तर शंभराचा आकडा आणि पुढे 'आरबीएच'. शंभर म्हणजे हिंदीतले सौ, आणि पुढची अक्षरं रभ. तो 'स्वदेशी' या मुंबईच्या गटात आहे. इथे कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत रॅप करतं आणि कुणालाही भाषा बदलायला सांगितलं जात नाही. २०१९मध्ये या गटाने आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर 'द वारली रिव्होल्ट' केलं. जंगल कुणाचं, हा त्याचा विषय. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरेत रात्रीतून झाडं पडली. 'गली बॉय'मधल्या 'इंडिया ९१' या गाण्यातही सौरभचा मराठी आवाज आहे. २०२३मध्ये 'हसल'च्या तिसऱ्या पर्वात तो उतरला तेव्हा मराठी रॅप प्रथमच ऐकणारे कितीतरी लोक होते. धारावीच्या डोपाडेलिक्झ या गटाने संशयावरून पोलिसांनी उचललेल्या पोराची कैफियत मराठीत मांडली. 'आई शपथ साहेब मी नव्हतो' हे त्या गाण्याचं नावच सगळं सांगतं.

'स्वदेशी' गटातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२मध्ये तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. चार्टवरच्या नावांची उजळणी करताना त्याचं नाव बहुतेक वेळा सुटतं. मी ते सोडणार नाही.

आणि २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' आलं. नृत्यसंगीतासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने ते काढलं. ज्या रंगावरून आपल्याकडे लग्नं मोडतात त्या रंगाचा त्यात अभिमान आहे, आणि त्यावर युरोपातली मुलं नाचली. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' त्याच वर्षी देशभर रील्समधून वाजलं. ते रॅप नव्हे, पण भाषा बदलल्याशिवाय वर जाता येत नाही हा समज त्यानेही मोडला.

आता किनाऱ्यावर येऊ.

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत रॅप परका आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी गौरी-गणपतीत म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडच्या गावांत एक रात्र काढावी. तिथे शक्ती-तुऱ्याचा सामना असतो. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. प्रकृती मोठी की पुरुष मोठा, हा मूळ वाद. पायात चाळ बांधून पोरं गोल धरून नाचतात, ढोलकी आणि झांज वाजते आणि मधोमध शाहीर उभा राहतो. आधी गण, मग गवळण, मग खरी लढत. एक शाहीर पुराणातला अडचणीचा प्रश्न पद्यात टाकतो, समोरच्याने पद्यातच उत्तर द्यायचं, आणि जाताजाता त्याच्या गुरूला, त्याच्या गावाला, त्याच्या आवाजाला टोमणा मारायचा. तिथल्या तिथे रचून, तालात, यमकात. उत्तर अडखळलं की माणसं ओरडतात. अमेरिकेत याला रॅप बॅटल म्हणतात आणि समोरच्याला उद्देशून मारलेल्या ओळींना डिस. आमच्याकडे त्याला फटका म्हणतात. मुंबईतले चाकरमानी परळच्या दामोदर नाट्यगृहात हेच सामने भरवायचे आणि गिरणीतून सुटलेले कामगार तिकीट काढून बसायचे. टोमणे फार घाणेरडे होतात, अशी तक्रार शक्ती-तुऱ्याबद्दलही जुनीच आहे. दोन्ही कलांवरचा आरोपसुद्धा एकच.

उत्तरेकडे, अलिबाग, पेण, उरण, पनवेलच्या आगरी गावांत धवला आहे. लग्नात धवलारीन गाते. पूर्वी भटजीशिवाय तिच्या गाण्यावरच लग्नं लागत. ती नवऱ्याच्या बापाला, जमलेल्या पाहुण्यांना, गावच्या देवाला नावानिशी गाण्यात ओढते. माझ्या चुलत आजीला हे येत होतं. घरचा कुठला माणूस हुंड्यासाठी अडून बसला, कुणी मांडवात दारू पिऊन आला, हे ती अशा चालीत घालायची की त्या माणसाला उठूनही जाता येत नसे. म्हणून म्हणालो, मुली लिहीत असणार. शब्दाने माणसाला धरायची कला या किनाऱ्यावर बायकांच्या हातात होती.

मग हा आवाज वर का नाही गेला? काही प्रमाणात गेला. वेसाव्याच्या शाहीर काशीराम चिंचय यांनी आणि 'वेसावकर आणि मंडळी'ने कॅसेटच्या काळात कोळीगीतं घराघरांत नेली. पण शहरी मध्यमवर्गाच्या कानात कोळी म्हटलं की वाजतं ते 'मी डोलकर'. शब्द शांताबाई शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लतादीदी आणि हेमंतकुमारांचे. मला ते गाणं मनापासून आवडतं. तरी त्यात दर्याचा राजा गातो ते दुसऱ्यांच्या गळ्याने, आणि त्याच्या बोटीला लागणाऱ्या डिझेलचा भाव, त्याच्या बंदरातला गाळ, त्याच्या खाडीत आलेलं कारखान्याचं पाणी त्यात येत नाही. ते यायला नाखव्याच्या पोराच्याच हातात माइक लागतो.

सांगण्यासारखं इथे कमी नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी राहून १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला. वर्षामागून वर्षं जमीन पिकवली नाही. १९२७मध्ये महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तो याच जिल्ह्यात. जानेवारी १९८४मध्ये उरण भागातले शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. सप्टेंबर २००८मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं. २०२४च्या जानेवारीत शिवडीहून चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्यांच्या खारभूमीवर, मिठागरांवर, भातशेतीवर हे सगळं उभं राहिलं त्यांची मुलं आज त्याच बंदराच्या यार्डात पाळीवर जातात. ब्राँक्सच्या त्या रस्त्याची आठवण मला यासाठीच झाली होती.

या मुलांच्या आवाजाला गावात आज जागा आहे ती हळदीत. हळदीच्या रात्री डीजे लागतो, बेंजो लागतो, आगरी-कोळी गाण्यांवर हजार माणूस नाचतं. मला हळद आवडते. तिच्यावरचा खर्च गावांना बुडवतो म्हणून कितीतरी गावांनी ठराव करून तो आवरायचा प्रयत्न केलाय, तेही बरोबर आहे. पण हळदीतलं गाणं पाहुण्यांना खूश करण्यासाठी असतं. त्यात नवरदेवाचं नाव येतं, गाडीचा नंबर येतो, सोन्याचं वजन येतं. यार्डातल्या मुलाने सुरुवात तिथेच केली. डीजेवाला मित्र, त्याने दोन गाण्यांच्या मध्ये माइक दिला, याने दोन मिनिटं नवरदेवाच्या घराण्याचं कौतुक तालात म्हटलं. पाचशे रुपये मिळाले. मग रात्री घरी येऊन त्याने जे मांडवात म्हणता येत नाही ते लिहायला घेतलं.

त्याची खोली मी पाहिली. माडीवर, कौलांखाली. पत्र्याच्या कपाटाला दोन गोधड्या लटकवल्यात, त्यांच्यामध्ये उभं राहून तो मुद्रण करतो, म्हणजे आवाज घुमत नाही. माइक जुना घेतलेला. ताल इंटरनेटवरून, मोठ्या गाण्यांच्या धाटणीचे असे ताल बनवून विकणारी मुलं जगभर आहेत. खाडीवरून बोटींच्या इंजिनाचा आवाज येतो, म्हणून तो पहाटे गातो. दाराशी त्याची आई मासळीच्या पाट्या धुवत होती.

पहिलं वर्षभर त्याने हिंदीतच लिहिलं, तीही कुर्ल्याची हिंदी, जी त्याने कधी बोललेली नाही. त्याने मला ती ऐकवली. चांगली होती, आणि नेझीसारखी होती. नंतर एकदा आईने विचारलं, तू हे कुणाशी बोलतोस? त्या प्रश्नाने त्याची वही बदलली. आता तो आगरीत लिहितो. 'मला'चं 'मना', 'पाणी'चं 'पानी'. शाळेत ज्या उच्चारांसाठी त्याने पट्ट्या खाल्ल्या तेच आता तालावर चपखल बसतात, हे दाखवताना त्याचा चेहरा उजळला होता. आगरी बोली तोडून, ठसक्यात बोलली जाते. तिच्यात वाक्याचा जोर शेवटी येतो. रॅपला हवा असतो तो घाव तिच्यात आधीच आहे.

नव्या गाण्यात त्याने काय मांडलंय ते पूर्ण सांगत नाही, ते त्याचं आहे. एवढंच की त्यात त्याच्या आजोबांच्या हातची बांधबंदिस्ती आहे, ते भाताचं खाचर आज ज्यांच्या कुंपणाआड गेलंय ते बंगले आहेत, शनिवारी मांडव्याच्या धक्क्यावर रो-रो बोटीतून उतरणाऱ्या गाड्यांची रांग आहे, आणि त्या रांगेतून सायकलने घरी जाणारा तो स्वतः आहे. पिनकोड आहे. धृपद त्या जुन्या वाक्याभोवती फिरतं. शहर प्रश्न विचारतं आणि गाव उत्तर देत राहतं, दर वेळी वेगळं.

त्याला गाण्याच्या सुरुवातीला एक आवाज हवा होता, रांगेतल्या मुंबईकराचा. मित्रांनी म्हणून पाहिलं, पण ते आगरीतच ऐकू येत होतं. मी बरीच वर्षं मुंबईत काढलीत, माझ्या बोलण्याला तिथला हेल आलाय. त्याने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "दादा, तुमी बोला. जसा तुमाला बोलले व्हते तसाच."

मी गोधड्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फार हळू आला. तो खुणेने म्हणाला, अजून एकदा, मोठ्याने. खालून पाट्या आपटल्याचा आवाज थांबला होता. त्याची आई ऐकत असावी. मग मी ते वाक्य त्या मुलाच्या सुरात म्हटलं, तसंच, तितकंच तुसडं. त्याने अंगठा वर केला, ताल सुरू केला आणि कौलांखालच्या त्या उकाड्यात पहिली ओळ उचलली.